बठ्ठं उघाडं शे ना, भाऊ?

आमच्या हॉस्पिटलात एखादं बाळंतपण अडलं की सगळ्यात आधी धोक्यात येते ती माझ्या पायजम्याची नाडी.

एवढ्यावरून वाचकांनी पान उलटू नये. माझ्याविषयी वेडंवाकडं काही नाही. भडगावात आमचं एक लहानसं प्रसूतिगृह आहे आणि मी त्याच्या मालकिणीचा नवरा आहे. दारावरच्या पाटीवर तिचं नाव आहे, नावापुढे डिग्र्या आहेत. माझं नाव फक्त वीजबिलावर येतं. ती बायकांची बाळंतपणं करते आणि मी उरलेलं सगळं करतो. उरलेलं म्हणजे जनरेटर, कूलर, पाण्याची टाकी, पावत्या आणि लेबर रूमबाहेर घाम पुसत उभ्या असलेल्या नवऱ्यांना धीर देणं. हा धीर कुठून आणायचा ते मला अजून समजलेलं नाही, पण चहा पाजला की बरेचसे नवरे शांत होतात. गाव मला 'डॉक्टरीणबाईंचे मिस्टर' म्हणून ओळखतं. मी जळगावहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालोय. हे कोणी विचारत नाही, म्हणून मलाच मधूनमधून सांगावं लागतं.

नाडीचं प्रकरण द्वारकाअक्कांमुळे सुरू झालं.

अक्का आमच्याकडच्या सुईण. तसं त्यांना सुईण म्हटलेलं चालतं, पण त्यांचं सरकारी ट्रेनिंग झालेलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रावर त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. जिथे डॉक्टर फक्त पल्स पोलिओच्या दिवशी दिसायचा, तिथे. मुदतीआधीच रिटायरमेंट घेऊन माहेरच्या गावी म्हणून भडगावला आल्या आणि आमच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहिल्या. नवरा सुरतला. 'सुरतला' म्हणजे नेमकं काय, ते गावात कोणी विचारत नाही. तेव्हा आमच्या हॉस्पिटलाला नुकताच रंग लागला होता आणि बायकोला हाताशी जाणती बाई हवी होती. अक्का भेटायला आल्या, लेबर रूम पाहिली, टेबलावर हात फिरवला, आणि पगाराचं काहीही न विचारता दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या.

बुटक्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. चष्म्याची एक दांडी मोडलेली, ती दोऱ्याने बांधलेली. नवा चष्मा करून देतो म्हटलं तर म्हणतात, "दिसस ना माले. मंग?" पेशंटशी अहिराणी आणि डॉक्टरशी ट्रेनिंगमधली मराठी, असा त्यांचा हिशोब आहे. चिडल्या की मात्र कोणाशीही शुद्ध मराठीच बोलतात. अक्का माझ्याशी "आपण जरा बाहेर थांबावं" असं बोलल्या की मी समजतो, आज आपलं काही खरं नाही.

आता कुलपांचं सांगतो. आमच्या खानदेशात जुन्या बायका मानायच्या की बाई अडली की घरात बंद असलेलं सगळं उघडायचं. कुलपं, पेट्या, डबे, गाठी, तिची स्वतःची वेणीसुद्धा. बंद वस्तू उघडल्या की बाळाची वाट मोकळी होते. अक्का बीपी बघतात, इंजेक्शन देतात, हातमोज्यांशिवाय पेशंटला बोट लावत नाहीत. पण कळा मंदावल्या आणि काम पुढे सरकेना, की त्या लेबर रूमचं दार ढकलून पॅसेजमध्ये येतात, चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "बठ्ठं उघाडं शे ना, भाऊ?"

सगळं उघडं आहे ना. एवढं ऐकलं की मी कामाला लागतो. औषधांची कपाटं उघडतो. ऑफिसातले ड्रॉवर ओढतो. कूलरची मागची जाळी काढतो. गल्ला उघडतो आणि त्याच्यापुढे स्वतः बसून राहतो. वर घरात जाऊन प्रेशर कुकर, पापडांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, फ्रीज. फ्रीजपायी आमच्या घरात कुल्फी कधी नीट गोठलेली नाही. खाली येऊन स्कूटरच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण. बुटांच्या नाड्या. मग पेशंटच्या नवऱ्याकडून त्याच्या घरी फोन. अमळनेरला कोणाची तरी सासू भाकऱ्या थापत असते, तिला सांगायचं की पेट्या उघडा, कपाटं उघडा, कोठीचं दार उघडा. बहुतेक सासवा हे लगेच ऐकतात. माझं कोणी ऐकत नाही, पण अक्कांचा निरोप म्हटलं की ऐकतात. अक्का तोवर स्वतःच्या चष्म्याचा दोरा सोडतात, मग चष्मा लोंबकळतो, मग तो एका हाताने डोळ्यांवर धरून दुसऱ्या हाताने काम करतात. आणि सगळं झालं की त्यांची नजर माझ्या पायजम्याकडे जाते.

"बठ्ठं?"

"बठ्ठं," मी म्हणतो. हे धडधडीत खोटं असतं. चारचौघांत, पेशंटच्या नातेवाइकांसमोर, पायजम्याची नाडी सोडून उभं राहायला मी काय वेडा आहे?

मी फिजिक्सचा माणूस. मी त्यांना एकदा समजावायला गेलो की अक्का, कुलपाचा आणि गर्भाशयाचा काही संबंध नसतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमना काय जास उघाडाले?" उघडायला तुमचं काय जातं. याला फिजिक्समध्ये उत्तर नाही.

बरं, माझा स्वभाव असा की काम करायचं तर मन लावून करायचं. एका मे महिन्यात, सगळं उघडून झाल्यावर, मला आठवलं की गच्चीवरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद आहे. टाकी धुताना जो उघडतात तो. मी गच्चीवर गेलो आणि तोही उघडला. बाळ सुखरूप झालं. डॉक्टरीणबाई हात धुवायला बेसिनशी आल्या आणि नळातून फुस्स असा आवाज आला. भडगावातला मे महिना, नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही, आणि अख्खी टाकी गटारात गेलेली. बायको त्या दिवशी मला काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. अक्कांनी माझी बाजू घेतली असती तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "आपल्याला टाकीचं कोणी सांगितलं होतं?" म्हणजे शुद्ध मराठीत.

या दोघींमधलं शीतयुद्ध हा आमच्या हॉस्पिटलाचा खरा कारभार आहे. दोघींनाही बाळ सुखरूप हवं असतं, फक्त रस्ता वेगळा.

डॉक्टरीणबाईंचा देव म्हणजे मॉनिटर. पेशंट टेबलावर, पोटाला पट्टा, कागदावर रेघ, हाताला सलाईन. त्यांचा आवडता शब्द 'रिस्क'. रिस्क नको. तोंडाने काही देऊ नका, कदाचित ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, घ्यावं लागेल. कळा मंद आहेत, औषध लावा. अक्कांचं म्हणणं असं की बाई टेबलावर पाठ टेकून पडली की बाळाने काय डोंगर चढून यायचं का. "उठ माय, जरा फिर. झोपीसन बाळ येस का?" असं म्हणत त्या बाईला पॅसेजमध्ये फिरवतात, खिडकीचे गज धरून उकिडवं बसवतात, कंबर चोळतात, आणि डॉक्टरची पाठ वळली की सुंठ-गुळाचा चहा पाजतात. तो चहा करून आणणारा मी. पकडला जाणाराही मी. "अहो, तिला काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं ना?" असं बायको विचारते, आणि अक्का त्या वेळी खिडकीतून गिरणा नदीकडे बघत असतात.

कळा हलक्या असतात तोवर पेशंटला अक्का हव्या असतात. कळा वाढल्या की ती "डॉक्टरीणबाईंना बोलवा" म्हणून ओरडते. आणि बाळ रडलं की तिला दोघींपैकी कोणीच नको असतं, तिला वरणभात हवा असतो.

एकदा जळगावहून एक सराफ आले. सुनेचं सिझर करायचं, पण गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्तावरच. बायकोने नाही म्हणून सांगितलं. ते ऐकेनात, मी त्यांना चहा पाजला तरी ऐकेनात. शेवटी अक्का त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "त्याले घाई नही, तुमले शे. त्याले घड्याळ समजस का?" सराफांना अहिराणी येत नव्हती की काय कोण जाणे, पण ते गप्प झाले. त्या दिवशी मात्र डॉक्टरीणबाई आणि अक्का एका बाजूला होत्या, आणि दोघी मिळून माझ्यावर चिडल्या, कारण मी सराफांना चहाबरोबर शेवही दिली होती.

मी या युद्धात तटस्थ आहे असं मी म्हणतो. बायको म्हणते मी अक्कांकडून आहे. अक्का म्हणतात मी चहाकडून आहे.

एक नियम मात्र अक्कांचा पक्का. कुलपं उघडायची ती जिथे बाई अडली तिथली, आणि तिच्या घरची. बस. मी एकदा खवचटपणे विचारलं होतं, "अक्का, तुम्ही आमचं सगळं उघडायला लावता, आणि तुमच्या पदराला किल्ल्या तशाच. तुमच्या खोलीचं कुलूप?" त्या म्हणाल्या, "मना घरनं कसाले? ज्यासनी बाई, त्यासनं घर." ज्यांची बाई, त्यांचं घर उघडायचं. यावर मी लोणच्याच्या राहिलेल्या बरण्या बंद करायला गेलो.

मग आमची गौरी बाळंतपणाला आली.

गौरी आमची एकुलती एक. पुण्याला नोकरी, जावई तिथेच. तिचं लहानपण हॉस्पिटलाच्या पॅसेजमध्ये गेलं. शाळेतून आली की आई ओटीत असायची, मग दप्तर अक्कांच्या पायाशी पडायचं आणि अक्का तिची वेणी घालत बसायच्या. त्यामुळे ती माहेरी आली ती दोन माहेरी आली. एकीने तिला लोहाच्या गोळ्या आणि तक्ते दिले, दुसरीने चटणी वाटायला पाट्यावर बसवलं. गौरी दोघींना "हो" म्हणायची आणि मोबाइलवर बघून तिला पटेल ते करायची. मी मात्र रोज संध्याकाळी तिच्याबरोबर नदीकाठी फिरायला जायचो आणि तिला बी.एस्सी.ची आठवण सांगायचो. तीच आठवण. ती बिचारी ऐकायची.

एका पहाटे कळा सुरू झाल्या. सकाळी गौरी खाली आली. अक्कांनी तिची वेणी सोडली, केस मोकळे केले, म्हणाल्या, "घाबरू नको माय, मी शे ना अठे." डॉक्टरीणबाईंनी पट्टा लावला. आणि मग एक वेगळीच गोष्ट मी पाहिली. बायकोने पट्टा लावला, रेघ पाहिली, आणि पट्टा काढला. म्हणाली, "फिरू दे तिला थोडं." सुंठ-गुळाचा चहा कोणी न सांगता मी आणला, तर तिने तो गौरीच्या हातात स्वतः दिला. ज्या बाईने आयुष्यभर 'रिस्क नको' म्हटलं, ती आज पॅसेजमध्ये पोरीची कंबर चोळत होती.

दुपारपर्यंत काम पुढे सरकलं आणि मग थांबलं. ऊन मी म्हणत होतं, कूलर नुसता गरम वारा ओकत होता. अक्का बाहेर आल्या. चष्मा हाताने धरलेला. "बठ्ठं उघाडं शे ना, भाऊ?"

मी सगळं उघडलं होतं. सकाळीच, कोणी न सांगता. कपाटं, ड्रॉवर, जाळी, कुकर, बरण्या, स्कूटर. पुण्याला जावयाच्या शेजाऱ्यांना फोन करून झाला होता, किल्ली त्यांच्याकडे होती, त्यांनी तिथली कपाटं उघडली होती. जावई तोवर इकडे यायला गाडीत बसले होते, त्यांना मी सुटकेसची चेनसुद्धा उघडून बसायला सांगितलं. आणि नाडी. होय. नाडीही सोडली होती. सकाळपासून मी डाव्या हाताने पायजमा धरून उभा होतो. फिजिक्सची पदवी वर कपाटात होती, आणि कपाटही उघडंच होतं.

"बठ्ठं," मी म्हणालो. पहिल्यांदा खरं बोललो.

अक्का परत आत गेल्या, आणि थोड्या वेळाने दार उघडं राहिलं म्हणून मला आतलं ऐकू आलं. पट्टा पुन्हा लावला होता. कळ आली की बाळाचे ठोके खाली जात होते आणि वर यायला वेळ घेत होते. मशीनचा तो आवाज मला चांगला माहीत आहे, इतकी वर्षं ऐकतोय. बायको म्हणत होती, "कुशीवर घेऊ. ऑक्सिजन लावू. बघू थोडा वेळ. थोडा वेळ बघू."

बघू हा अक्कांचा शब्द. तो बायकोच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग अक्का बोलल्या. एकदम शुद्ध मराठीत. "डॉक्टर, पाणी हिरवं येतंय. ठोके पडतायत. सिझर करा." हिरवं पाणी म्हणजे बाळ आत गुदमरतंय, एवढं मलाही माहीत आहे.

"अक्का, तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणतेय. बघायचं ते बघून झालं. भूलवाले पाचोऱ्याहून निघालेत, मी मघाशीच फोन केलाय. तुम्ही हात धुवा."

मला बायकोची पाठ दिसत होती. ती तिथे डॉक्टर नव्हती, ती नुसती आई होऊन उभी होती.

"काही झालं तर माझ्या नावावर," अक्का म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून केलं. लोकांना तसंच सांगायचं. आता हात धुवा."

भूलवाले डॉक्टर आले, बायकोने हात धुतले, गौरीला ओटीत नेलं. स्ट्रेचर माझ्यासमोरून गेलं तेव्हा तिने माझा हात धरला, आणि मला तो नीट धरता आला नाही, कारण माझा एक हात पायजम्यात अडकलेला. ओटीचं दार बंद व्हायच्या आधी अक्का बाहेर आल्या. पदराची गाठ सोडली, त्यातला किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

"भाऊ, मनं घर उघाडी या."

"तुमचं? तुम्हीच तर म्हणता की ज्यांची बाई..."

"मनीच शे ना ती," अक्का म्हणाल्या, आणि आत गेल्या. माझीच आहे ना ती.

मी निघालो. मला आता वाटतं की त्यांना मला तिथून हलवायचं होतं, कारण ओटीबाहेर मी कोणाच्याच उपयोगाचा नव्हतो. तेव्हा मात्र मला वाटलं की सगळं माझ्यावरच अवलंबून आहे. भर दुपारी, मागच्या गल्लीतून, एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने किल्ल्या धरून डॉक्टरीणबाईंचे मिस्टर पळत होते. पानाच्या टपरीवरचा माणूस उठून उभा राहिला. नाडी बांधून पळावं हे मला सुचलं होतं. पण बांधायची हिंमत झाली नाही.

अक्कांच्या घरात मी इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. एक खोली, एक मोरी, खाट, देव, भांड्यांची फळी. मी दार सताड उघडलं, खिडकी उघडली, डाळीतांदळाचे डबे उघडले, तिखटामिठाचा डबा उघडला, देव्हाऱ्याचं लहानसं दार उघडलं. नळाकडे हात गेला होता, पण टाकीची आठवण झाली आणि मागे घेतला. मग खाटेखाली एक पत्र्याची पेटी दिसली. कुलूप लावलेली. जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या लावून पाहिल्या. एकही लागेना. कुलूप गंजून लाल झालं होतं, कितीतरी वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नसावा.

बायकोला फोन लावावा तर ती ओटीत. अक्का ओटीत. मी खोलीच्या मधोमध उभा, आणि तिकडे गौरी टेबलावर. खरं सांगतो, तेव्हा मला फिजिक्स आठवलं नाही. पाट्याजवळ वरवंटा होता. वरवंटा मारायला दोन हात लागतात आणि पायजमा एका हातात. मग मी जमिनीवर मांडी घालून बसलो, म्हणजे पायजमा आपला आपण राहिला, आणि दोन्ही हातांनी वरवंटा घालायला लागलो. शेजारची बाई दारात येऊन बघायला लागली. "काय व्हयनं हो?" तिने विचारलं. मी म्हणालो, "मुलगी अडली आहे." ती आत आली, माझ्या हातातून वरवंटा घेतला, आणि पहिल्या फटक्यात कुलूप तोडलं.

मी झाकण वर केलं. वरच एक कुंची होती, लाल छिटाची, रंग उडालेली. खाली घडी घातलेली दुपटी, एक झबलं. सगळं इतकं लहान. मी ते हातात घेणार तेवढ्यात फोन वाजला. आमची नर्स होती. "काका, मुलगी झाली. रडली. चांगली रडली." मी तिथेच, त्या पेटीपाशी बसून रडलो. शेजारीण मला पाणी देऊन गेली.

हॉस्पिटलात आलो तर बायको लेबर रूमबाहेरच्या बाकावर बसली होती. नवरे बसतात त्या बाकावर. मास्क गळ्यात. मी चहा आणला, तो तिने दोन्ही हातांत धरला. "मला दिसत होतं हो," ती म्हणाली. "ठोके, पाणी, सगळं दिसत होतं. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर मी कधीच ओटीत घेतलं असतं. माझा हातच पुढे होत नव्हता. कोणीतरी म्हणावं म्हणून थांबले होते." बाळाच्या गळ्यात नाळेचे वेढे होते, तिने सांगितलं. मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

मग अक्का आल्या. बाळाला पुसून, गुंडाळून, गौरीजवळ ठेवून. चष्मा अजून हातात. आमच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मी त्यांना किल्ल्या दिल्या आणि म्हणालो, "अक्का, एक चूक झाली. खाटेखालच्या पेटीची किल्ली लागेना. कुलूप तोडलं मी."

किल्ल्या अक्कांनी मांडीवर ठेवल्या. मला वाटलं आता शुद्ध मराठी येणार.

"त्यानी किल्ली सुरत गई," त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी अहिराणीतच सांगितलं, मी माझ्या मराठीत लिहितो. नवरा सुरतेला यंत्रमागावर कामाला गेला तेव्हा पेटीची किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली होती. तो गेला आणि किल्लीही गेली. पेटीत बाळाचे कपडे, अक्कांच्या आईने शिवलेले. अक्कांना कळा लागल्या. सुईण म्हणाली, बठ्ठं उघडा. घरातलं सगळं उघडलं. पेटी तेवढी राहिली. सासू म्हणाली, नवं कुलूप आहे, कशाला तोडायचं, तो आला की उघडू. मुलगी होती. रडली नाही.

"माले ठाऊक शे भाऊ, कुलूपनी काही व्हत नही," अक्का म्हणाल्या. "मी शिकेल बाई शे. पुढे ट्रेनिंगला गेले तेव्हा समजलं मला काय झालं असेल ते."

बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

"मग इतकी वर्षं तुम्हीच का नाही तोडलं?" मी विचारलं.

"आपलं आपण नसतं तोडायचं. घरच्या माणसाने तोडायचं असतं." त्यांनी चष्म्याचा लोंबकळणारा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "तवय कोन्ही तोडं नही."

आतून बाळाचा आवाज आला. अक्कांनी मान तिकडे वळवली, ऐकलं, आणि दोरा दांडीला गुंडाळून गाठ मारली. चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. मग माझ्याकडे वरून खाली पाहिलं.

"व्हयनं ना बठ्ठं उघाडं," त्या म्हणाल्या. "बांधी ल्या आते नाडी, भाऊ."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि गाठ बसायला बराच वेळ लागला.